फाटकावरचा आकडा

सोमवार, ३ मार्च

डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढलाय, मनात साचतं ते कुठेतरी लिहून काढत जा. मनात काय साचणार? गुडघे दुखतात, तेवढंच साचतं. पण गोळ्यांच्या चिठ्ठीवर त्यांनी खाली 'रोज लेखन' असंही खरडलं, आणि कागदावर लिहिलेलं केल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून ही वही.

तर नोंद. सकाळी पावणेसातला धूळ मोजायचा डबा घेऊन मिक्सिंग हॉलमध्ये गेले. रबरात काजळी मिसळतात तो हॉल. डबा हवा आत ओढतो, तिच्यावर लेझरचा बारीक झोत टाकतो, आणि धुळीचे कण तो उजेड इकडेतिकडे किती विखुरतात ते बाजूच्या एका डोळ्याने बघून आकडा सांगतो, घनमीटर हवेत किती मिलिग्रॅम धूळ आहे त्याचा. सहा सेकंदांत. मी चार कोपऱ्यांत मोजते, सरासरी काढते आणि फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहिते. आकडा दोनच्या आत असला तर मास्क लावणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. दोनच्या वर सक्ती. चारच्या वर गेला तर यंत्रं बंद. नऊ वर्षं मी हे करतेय. दोनच्या वर वर्षातून पाच-सहा वेळा जातो, चारच्या वर एकदाही गेला नाही.

आज १.६. तरी एकूण एक माणूस मास्क लावून आत गेला. आम्ही ज्यांना मावशी म्हणतो त्या हॉलमधल्या सगळ्यांत जुन्या बाई तर रोज फळ्यासमोर थांबतात, ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजतात आणि मास्कच्या नाड्या आवळतात. म्हटलं, "मावशी, एक पॉइंट सहा आहे. कशाला उगीच गुदमरून घेता?" तर म्हणाल्या, "सवय हो बाई." मग मी मोजते कशासाठी, असं विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. एवढ्या सकाळी वाद घालायचं अंगात त्राण नसतं.

धाकटा तेवढा माझा आकडा वाचतो. सगळ्यांच्या मागून येतो, फळा बघतो, मास्क घडी करून खिशात घालतो आणि माझ्याकडे बघून एक भुवई उडवतो. आठ वर्षं हेच चाललंय. भाऊ असावा तर असा, असं म्हणायला हरकत नाही, फक्त त्याने घरीही थोडं ऐकावं.

निवृत्तीला सत्तावीस महिने.

बुधवार, ५ मार्च

तपासणी कार्यालयाचं पत्र आलंय. महिनाअखेर आमच्या प्रमाणपत्राचं नूतनीकरण, आणि यंदा त्यांना नुसता डब्याचा आकडा चालणार नाही. एकदा कागदावर धूळ जमवून, ती तोलून दाखवा म्हणतात. साहेब म्हणाले, "उपचार आहे हो. उरकून टाका." साहेबांचं सगळं उरकायचंच असतं. उरकणारी मी.

कागदाची पद्धत माझ्या आधीच्या माणसाची. तो पंपाने कागदावर धूळ ओढायचा, कागद तोलायला बाहेर पाठवायचा आणि चार दिवसांनी गेल्या सोमवारचा आकडा फळ्यावर लिहायचा. शिळी बातमी! डबा आला तेव्हा लोकांना पहिल्यांदा आजचा आकडा आज कळला. ते काम माझ्या हातून झालं, याचं मला अजून बरं वाटतं.

घरी आले तर धाकटा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेला. तो आणि भावजय वरच्या मजल्यावर राहतात, मी खाली. म्हटलं, इथे काय मांडी ठोकलीस? म्हणाला, बुटाची नाडी सुटली. गॅसचा सिलिंडरही परवा त्याने शेजाऱ्याकडून वर चढवून घेतला. त्रेचाळिसाव्या वर्षी माणूस इतका सुस्तावतो? मी छप्पन्न वर्षांची, डबा घेऊन दिवसभर हिंडते.

मंगळवार, ११ मार्च

कागदवाल्या बाई आल्या. बाहेरच्या प्रयोगशाळेतल्या. वय माझ्याच आगेमागे, पायात तसलेच आरामाचे बूट, त्यामुळे बघितल्याबरोबर बरं वाटलं. सहा जणांच्या कमरेला त्यांनी छोटे पंप बांधले, कॉलरला कागदाची डबी लावली. सहांत धाकटाही होता. मी डबा घेऊन सहाही जणांच्या मागे मागे.

चहाच्या वेळी त्यांना जरा ऐकवलं. म्हटलं, तुमचा कागद बोलायला चार दिवस घेतो, माझा डबा सहा सेकंद. हसल्या आणि म्हणाल्या, "खरंय. पण वजन उजेडाच्या भानगडीत पडत नाही." काय म्हणायचं होतं कोण जाणे. त्यांच्या पिशवीत गुडघ्याचा पट्टा दिसला.

पाळी संपल्यावर सहा डब्या उघडल्या. कागद पांढरे गेले होते, काळे कुळकुळीत आले. धाकट्याने आपला कागद बघून विचारलं, "ताई, हे एक पॉइंट सहा का?" म्हटलं, "हो. काजळी दिसते जास्त, असते थोडी." त्याने मान डोलावली. माझ्या बोलण्यावर त्याने कधी शंका काढली असेल तर ती एकदाच. तो सात वर्षांचा होता आणि मी म्हटलं होतं, आई दवाखान्यातून परत येणार नाही.

गुरुवार, १३ मार्च

कारखान्याची वार्षिक तपासणी झाली. डोळे, कान, वजन, नळीत फुंकणं. माझं वजन तीन किलो जास्त, हे सांगायला बाहेरून माणूस बोलवायची गरज नव्हती.

संध्याकाळी भावजय खाली आली. बसली, उठली, पुन्हा बसली. म्हणाली, "ताई, ह्यांना परत फुंकायला बोलावलंय. मोठ्या दवाखान्यात. अठ्ठावीस तारखेला."

म्हटलं, "नळी नीट तोंडात धरली नसेल. लहानपणी त्याला फुगाही फुगवता यायचा नाही."

ती हसली नाही. ती तशी कमीच हसते. जाताना म्हणाली, "ते झोपताना तीन उशा घेतात हल्ली." आता हिच्या उशांचा हिशेब मी ठेवू का? मान दुखेल, एवढं मात्र सांगितलं.

सोमवार, १७ मार्च

कागदवाल्या बाईंचा फोन. सहा कागदांची सरासरी ४.७. त्याच सहा जणांच्या मागे हिंडून माझ्या डब्याने दाखवली १.६.

मी म्हटलं, कागद ओले झाले असतील. त्या म्हणाल्या, वाळवून तोलले. म्हटलं, तराजू? त्या म्हणाल्या, तपासलेला आहे. म्हटलं, मग पंप जास्त हवा ओढत असेल. त्या शांतपणे म्हणाल्या, "पुन्हा घेऊ या ना. गुरुवारी येते, माणसाबरोबर नाही, डब्याच्या शेजारीच कागद लावू. तराजू बरोबर आणते, तिथल्या तिथे तोलू."

दुपारभर डबा उघडून बसले. काच कापसाने पुसली. गाळणी लावून शून्य पाहिलं. गाळणीतून स्वच्छ हवा आत गेली की डब्याने शून्य दाखवायला हवं. दाखवलं. ०.००. नऊ वर्षांत माझं शून्य एकदाही चुकलेलं नाही, नोंदवही साक्षीला आहे. रोज सकाळी, तापात असतानासुद्धा, मी शून्य बघितल्याशिवाय हॉलमध्ये पाय ठेवलेला नाही. मग चुकतं कुठे? ज्याचं शून्य बरोबर त्याचं सगळं बरोबर, असं मी धरून चालले होते.

रक्तदाब बघितला नाही. बघून काय करणार.

गुरुवार, २० मार्च

डबा १.५. कागद ४.५.

त्या कागद ठेवून माझ्यासमोर बसल्या. विचारलं, "गुणक किती ठेवलाय?"

डब्याच्या पडद्यावर आत आत गेलं की एक रकाना आहे. गुणक, १.००. मला तो पाठ आहे. डबा आला तेव्हा शिकवायला आलेला माणूस म्हणाला होता, याला हात लावू नका. मी लावला नाही. मी सांगितलेलं ऐकणारी बाई.

"एक," म्हटलं.

"कधी बदलला होता?"

"बदलायचा असतो?"

त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. मग अगदी हळू, मी आजारी असल्यासारखं समजावून सांगितलं. डबा बनवणारे तो एका फिकट मातकट पुडीवर लावून देतात. ती पूड उजेड चांगला विखुरते. तुमची काजळी काळी. ती उजेड विखुरत नाही, गिळते. गिळलेला उजेड डब्याच्या डोळ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि त्याला वाटतं धूळ कमी आहे. म्हणून जिथे डबा न्यायचा तिथली धूळ आधी कागदावर तोलायची, कागदाला डब्याने भागायचं आणि येईल तो गुणक घालायचा. एकदाच. पाच मिनिटांचं काम.

"तुमचा तीनच्या जवळपास येतो," म्हणाल्या.

शून्य कसं चुकलं नाही तेही आत्ता कळलं. शून्याला कितीनेही गुणा.

शुक्रवार, २१ मार्च

जेवणाच्या सुट्टीत उपकरणांच्या खोलीचे पडदे ओढले, बॅटरी टेबलावर आडवी ठेवून लावली आणि झोतात फळा पुसायचं फडकं झटकलं. खडूची धूळ. झोत इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत पांढरा उभा राहिला. ती खाली बसू दिली. मग चमच्याच्या टोकावर काजळी घेऊन फुंकली. झोत दिसेना. हवेत काहीच नाही, असंच वाटलं. दिवा लावला तेव्हा टेबल, माझे हात, रुमाल, सगळं काळं.

एवढं सोपं होतं. हे मी नऊ वर्षांत कोणत्याही दुपारी करू शकले असते.

आज सगळं लिहूनच टाकते. डबा आला त्याच आठवड्यात हॉलला नवा मोठा पंखा बसला होता. आदल्या आठवड्यापर्यंत कागदावर ४.९ यायचं; चारच्या वर यंत्रं बंद हा नियम पंख्यानंतरचा. डबा लावला, १.६. आम्हाला वाटलं, पंख्याने कमाल केली. साहेबांचा सत्कार झाला. माझा डब्यासकट फोटो निघाला, तो अजून खोलीत लावलेला आहे. दर सोमवारी मी त्याची काच पुसते. डबा आणि पंखा एकाच आठवड्यात यायला नको होते. पंधरा दिवस मागेपुढे आले असते तर कुणाच्याही ध्यानात आलं असतं.

आणि पुढल्या वर्षी धाकट्याला मी या हॉलमध्ये लावून दिलं. त्याला ट्रक चालवायचा होता. मी म्हटलं, रात्री-बेरात्रीचं ते काम, कशाला? इथे ये, हवा मी स्वतः मोजलीय, दोनच्या आत आहे. तो म्हणाला, "तू मोजलीयस ना? मग झालं."

मला खूप भीती वाटतेय. कशाची ते नीट सांगता येत नाही. हॉलमध्ये साठ माणसं आहेत आणि प्रत्येकाला मी फळ्यावर खोटं लिहून दाखवलंय.

सोमवार, २४ मार्च

साहेबांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, म्हणजे ऐकलं खरं. मग म्हणाले, "नवा डबा मागवू. जूनपर्यंत येईल. त्यात हा गुणक घालू, नव्या डब्याचा नवा आकडा. जुन्याची वाच्यता कशाला? आज चारच्या वर लिहिलंत तर नियमाने यंत्रं बंद करावी लागतील. शिवाय, तुमचंही वर्ष-दोन वर्षंच राहिलंय ना?"

आवाज चढवला नाही. दटावलं नाही. चहा मागवला.

मला त्यांचं ऐकावंसं वाटलं. इथे खोटं लिहून काय उपयोग? खरंच वाटलं. जून फार लांब नाही. गप्प राहिले तर कुणाला कळणारही नाही, आणि मी इतकी दमलेय की आता कुणासमोर उभं राहून 'माझं चुकलं' म्हणायचं बळ नाही.

एक गोष्ट राहिली. शुक्रवारी सकाळी, सगळं ठाऊक असताना, मी फळ्यावर १.५ लिहिलं. आजही १.६ लिहिलं. हात आपोआप लिहून मोकळा झाला. धाकटा मागून आला, वाचलं, मास्क खिशात घातला, भुवई उडवली. मी पण उडवली.

मंगळवार, २५ मार्च

१.६ लिहिलं.

दुपारी उलटी झाली.

बुधवार, २६ मार्च

सकाळी गुणक २.९ घातला. शून्य पाहिलं, ०.००. चार कोपऱ्यांत मोजलं. फाटकावर आले आणि ४.६ लिहिलं. खडू तुटला, दुसरा घेतला, आकडा पुन्हा गिरवला.

साठ माणसं समोरून येणार, आरडाओरडा होणार, कुणी अंगावर धावून येईल, सगळ्याची तयारी केली होती. पिशवीत रक्तदाबाची जास्तीची गोळी टाकली होती. पाळी आली. पहिल्या चौघांनी फळा वाचला आणि मास्क लावून पुढे गेले. पुढच्या पाच जणांनीही तेच. कुणाला काही फरकच पडत नव्हता. मला वाटलं, यांना आकडा दिसला नसेल. मी बोटाने दाखवला.

मावशी थांबल्या. फळा बघितला, मला बघितलं. म्हणाल्या, "बाई, आता गुणायचं नाही ना?"

"काय गुणायचं?"

"तीनने हो. आजचा गुणून आलाय असं दिसतंय."

मी त्यांना हाताला धरून पहारेकऱ्याच्या बाकावर बसवलं. खरं म्हणजे मीच बसले. तोवर नियमाप्रमाणे फोरमनला यंत्रं थांबवावी लागली आणि माणसं अंगणात येऊन बसली होती. मावशींनी सांगितलं, ते असं. पंखा बसला त्या आठवड्यात फळ्यावरचा आकडा एकदम तिसऱ्या हिश्शावर आला. त्यांचे रुमाल मात्र पूर्वीइतकेच काळे निघत होते. सहा-सात बायकांनी मिळून महिनाभर रुमाल ताडून पाहिले आणि ठरवलं, फळा तीनने गुणायचा. तेव्हापासून नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला सांगतात, चहा कुठे मिळतो, मोरी कुठे आहे आणि फळा तीनने गुणायचा.

"मला का सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"फोरमनला सांगितलं होतं. तो म्हणाला, यंत्रापेक्षा तुमच्या रुमालाला जास्त कळतं का? मग तुमच्याकडे आले होते एकदा. तुम्ही त्या फोटोची काच पुसत होतात. इतक्या खुशीत होतात हो बाई, मला बोलवेना. म्हटलं, आपल्याला गुणता येतंय ना, मग कशाला?"

मी हसले. किती दिवसांनी, तेही फाटकासमोर, मोठ्याने. नऊ वर्षं मी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं! माझ्या आकड्यावर कुणीच विश्वास ठेवला नव्हता, आणि आयुष्यात कधी वाटलं नसेल इतकं त्याचं मला बरं वाटलं. मावशीही हसल्या. मी म्हटलं, "म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं? एकूण एक?"

त्यांनी हसणं आवरतं घेतलं. आपल्या जेवणाच्या डब्याच्या झाकणाशी चाळा करत म्हणाल्या, "तुमचा भाऊ सोडून."

"त्याला सांगितलं नाहीत?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं की. तो अंगावर आला आमच्या. म्हणाला, माझ्या ताईने मोजलंय, तिचा आकडा चुकत नाही, पुन्हा बोललात तर बघा. दोन-तीनदा सांगून पाहिलं. मग त्याच्यासमोर गुणायचंही बंद केलं आम्ही. मनातल्या मनात गुणतो."

अंगणात धाकटा सगळ्यांपासून जरा लांब, भिंतीला टेकून उभा होता. मास्क खिशातच. तो फळा वाचत होता. पुन्हा पुन्हा वाचत होता.

गुरुवार, २७ मार्च

काल संध्याकाळी त्याला सांगितलं. जिन्यात, तिसऱ्या पायरीवर. तो बसलेला होताच, मी शेजारी बसले. पंखा, पूड, गुणक, उजेड गिळणं, सगळं. शुक्रवार, सोमवार, मंगळवार हे तीन दिवसही सांगितले. तेच सांगायला सगळ्यांत जड गेलं.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुझं शून्य बरोबर होतं ना?"

"होतं."

"मग तू नाही चुकलीस. डबा चुकला."

म्हटलं, "अरे, डब्याला काय कळतं? मी चुकले. तू शिवी दे, भांड, काहीतरी कर."

"दम लागतो ताई भांडताना," तो म्हणाला. सहज म्हणाला, नाडी सुटली म्हणाला होता तसं.

तेव्हा मला ती तिसरी पायरी कळली. सिलिंडर कळला. तीन उशा कळल्या. ह्या वहीची मागची पानं मी आज सकाळी वाचली, तर सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

भावजय वरच्या कठड्याशी उभी होती. तिने सगळं ऐकलं. खाली आली नाही. आत जाऊन दार लावलं. ती आता माझ्याशी बोलणार नाही. तिच्या जागी मीही बोलले नसते.

हॉल बंद आहे. साहेबांनी मला खोलीत बोलावलं नाही. कागदवाल्या बाईंना फोन करून सगळं सांगितलं, त्या म्हणाल्या, रजा घ्या. उद्याची घेतली.

शुक्रवार, २८ मार्च

मोठा दवाखाना. रिक्षात भावजय मध्ये बसली, बाहेर बघत. फुंकायच्या खोलीत तिला जायचं नव्हतं. म्हणाली, "तुम्ही जा. आकड्यातलं तुम्हाला कळतं." टोचून म्हणाली का सरळ, ते मला ओळखता आलं नाही. मी गेले.

यंत्र छोटंसं, पांढरं. नळी, पडदा, आणि समोर एक कमी बोलणारा तंत्रज्ञ. धाकट्याच्या नाकाला त्याने चिमटा लावला. मी विचारलं, "याची तपासणी केव्हा केली होती?" त्याने माझ्याकडे बघितलं. असं कुणी विचारत नसावं. म्हणाला, "रोज करतो. आज सकाळी आठला." विचारलं, "कशाने?" त्याने एक मोठी पिचकारी दाखवली, बरोबर तीन लिटर हवा मावणारी. ती यंत्रात रिकामी करायची, यंत्राने तीन दाखवायला हवं. मी म्हटलं, "आत्ता करून दाखवाल? माझ्यासमोर?" मला हवं होतं की चुकावं. आयुष्यभर यंत्रं बरोबर निघावीत म्हणून धडपडले, आज पहिल्यांदा देवाजवळ मागितलं, हे चुकू दे. त्याने कंटाळून पिचकारी लावली आणि दाबली. ३.०० आलं. दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. ३.०१. कागद मागितला, तारीख पाहिली, सही पाहिली. कशात खोट नव्हती.

धाकट्याने तीनदा फुंकलं. गळ्याच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्यांदा तो खुर्चीच्या हाताला धरून वाकला. मी पाठीवर हात ठेवला. त्याच्या वयाच्या, उंचीच्या माणसाने जेवढं फुंकायला हवं त्याच्या एक्कावन्न टक्के. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं.

डॉक्टर आत आले. त्यांनी पडदा बघितला, बसले आणि बोलू लागले. फुप्फुसं, गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपायचं, त्याला हॉल कायमचा बंद, असं बरंच. धाकटा त्यांच्याकडे बघत नव्हता. तो आकड्याकडे बघत होता, आणि मग माझ्याकडे. भुवई उडवली नाही.

"ताई," म्हणाला, "हा बरोबर आहे का?"

डॉक्टर थांबले.

मी म्हटलं, "हो. बरोबर आहे. मी तपासला."

"मग झालं," तो म्हणाला. त्याने खिशात हात घातला, घडी केलेला मास्क काढला, झटकला, आणि तिथेच, दवाखान्याच्या त्या स्वच्छ खोलीत, दोन्ही नाड्या डोक्यामागे नीट बांधल्या.